दोन वेळचा धमाका

१

आमच्या नातीचं, वैभवीचं, लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. लग्न एप्रिलात झालं. ती नांदायला गोंदियाला गेली, घर एकदम रिकामं झालं, आणि मे महिन्याच्या मध्यात आमच्या गल्लीत तो आवाज सुरू झाला.

मनीषनगरच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. चौदा घरं, सगळी एकमेकांना खेटून. पहिला आवाज सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला झाला. सगळ्यांना वाटलं, कुठेतरी डीपी उडाली. पण पंखे फिरतच होते. संध्याकाळी साडेसहाला तो पुन्हा झाला. मंगळवारी दोनदा, बुधवारी दोनदा, गुरुवारीही तसंच. कबुतरं उडायची, कुत्री भुंकायची, आणि लोक दारात येऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

शुक्रवारी संध्याकाळी अरुंधतीबाई हरकरे स्टुलावर चढून कूलरमध्ये पाणी भरत होत्या. आवाज झाला, त्या दचकल्या आणि पाइपासकट खाली पडल्या. उजवं मनगट मोडलं. त्या दिवसापर्यंत गल्लीला गंमत वाटत होती. नंतर राग आला.

अरुंधतीबाईंचे यजमान मधुसूदन हरकरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गल्लीचं पाणी, कचरा, गणपती सगळं तेच बघतात. त्यांनी घरोघरी विचारपूस केली आणि ठरवलं की आवाज सत्यवतीबाईंच्या घराकडून येतो. सत्यवतीबाई वरच्या मजल्यावर राहतात. आवाज सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, रविवारी, त्या कुलूप लावून मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या. खालच्या दोन खोल्यांत त्यांची भाडेकरू रोशनी. ती डबे करते. दोन मोठ्या शेगड्या, मोठं सिलिंडर. गल्लीला आणखी काय पाहिजे होतं? मोबाइलवरच्या ग्रुपवर सूचना आली: येत्या रविवारी सहा वाजता सभा, रोशनीला घर रिकामं करायला सांगणे. सत्यवतीबाईंनी फोनवर सांगून टाकलं होतं, गल्ली म्हणेल ते मी करीन, माझं घर उडायला नको.

सोमवारी दुपारी रोशनी आमच्याकडे आली. रडली वगैरे नाही. माठातलं पाणी प्यायली आणि खालीच बसली.

"मावशी, अकरा घरं फिरली होती मी तवा," ती म्हणाली. "गॅसच्या शेगड्या म्हटलं की लोकं दारातूनच वापस पाठवत. सत्यवतीकाकूनं एकटीनं हो म्हटलं. इथून काढलं तं चाळीस डबे जातीन. डबे गेले तं मले पुन्हा सासरच्या दारात उभं राहा लागन."

सहा वर्षांपूर्वी ती या गल्लीत आली तेव्हा तिच्या हनुवटीवर ताजे टाके होते. सासर कसं, हे कोणी विचारायची गरज नव्हती.

"काय म्हणते वं ही?" देवरावांनी मला विचारलं.

देवरावांना, माझ्या नवऱ्याला, ऐकू येत नव्हतं. लकडगंजला एका आरा मशीनवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. आरा लाकूड कापतो तसा कानही थोडा थोडा कापत जातो. साठीला दोन्ही कान गेले. ओठ बघून त्यांना थोडं कळे, बाकी मी वहीत लिहून दाखवी. मीही अक्षरं पन्नाशीनंतर शिकले, विहारातल्या बायांच्या वर्गात, म्हणून लिहिते हळू आणि मोजकं. आमचं तेवढ्यावर भागत होतं.

मी लिहिलं: रविवारी रोशनीला काढणार. आवाजामुळे.

"कोणता आवाज?" देवराव म्हणाले.

आठ दिवस गल्ली हादरत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रविवार दूर आहे अजून," ते म्हणाले. "पाहतो मी."

रोशनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आवाज शोधायला निघाला कोण, तर बहिरा माणूस.

२

पहिल्यांदा त्यांनी रोशनीलाच विचारलं. आवाज कसा होतो? ती म्हणाली, दुकानाचं शटर जोरात पाडल्यासारखा. मग आम्ही अरुंधतीबाईंकडे गेलो. त्या प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, सिलिंडर फुटल्यासारखा. तिसरा पियुष. हा हरकऱ्यांच्या शेजारचा, इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला. याच्या मोटारसायकलला असा सायलेन्सर आहे की ती गल्लीत शिरली की चहाच्या कपावर लाटा येतात. आधी संशय त्याच्यावरच होता. तो म्हणाला, रविवारी सुट्टीला घरी असताना ऐकला, ढोलावर एकच टिपरू हाणल्यासारखा.

मी तिन्ही वहीत लिहिलं. देवराव हसले.

"तीन माणसं, तीन आवाज. ज्याच्या डोक्यात जे, त्याच्या कानात ते. हे कामाचं नाई." मग त्यांनी पियुषला विचारलं, "अन् तू सकाळी दहाले कुठी राहते गा?"

"दुकानात, काकाजी. नऊले निघतो, आठले येतो. शेठले विचारा. अन् माझ्या गाडीले नावं नका ठेवू, लोकं पैसे देऊन असा आवाज करून घेतात."

"काय म्हणते?"

मी लिहिलं: दुकानात असतो. गाडीचं कौतुक सांगतो.

"बरं आहे, मले ऐकू येत नाई," देवराव म्हणाले.

त्यानंतर त्यांनी प्रश्न बदलला. आवाज कसा होता हे कोणाला विचारायचंच नाही. विचारायचं, आवाज झाला तेव्हा काय हललं.

अरुंधतीबाईंनी डोळे मिटून आठवलं. खिडकीची काच थरथरली होती. मांडणीवरची ताटं? नाही, ताटं गप्प होती. रोशनी म्हणाली, तिच्या शेगडीवर वरणाचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, त्यातलं पाणी हललंही नाही.

देवरावांनी ओट्यावर पाय आपटून दाखवला. "मले तं पायानंच ऐकू येते. वखारीत ट्रकवरून खोड पडलं की मी पाठमोरा असलो तरी समजे. जमीन सांगे. सिलिंडर फुटलं असतं, काई जड पडलं असतं, जमिनीखाली काई झालं असतं, तं ताट वाजलं असतं, वरण सांडलं असतं. काचच हलली. म्हणजे आवाज हवेतून आला. खालून नाई, वरून."

"वरती कोणी नाई काकाजी," रोशनी म्हणाली. "काकू पुण्याले गेल्या. जिन्याले कुलूप आहे."

मी लिहून दाखवलं. देवरावांनी बोट कुलूप या शब्दावर ठेवलं.

"चाबी कोणापाशी?"

रोशनीने आणि मी एकमेकींकडे बघितलं. किल्ली मधुसूदन हरकऱ्यांकडे होती.

३

आता एक गोष्ट सांगते, जी गल्लीत सगळ्यांना माहीत होती पण कोणी बोलत नव्हतं. हरकऱ्यांचा भाचा केयूर शिकवणीचा वर्ग काढायला जागा शोधत होता. दिवाळीतच हरकऱ्यांनी सत्यवतीबाईंकडे खालच्या दोन खोल्या मागितल्या होत्या. सत्यवतीबाई म्हणाल्या होत्या, रोशनी आहे तोवर नाही.

हे मी वहीत लिहिलं ती माझी चूक. मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. देवरावांनी वाचलं आणि त्यांच्या मते ते माझ्या कानात कुजबुजले.

"म्हणजे हरकरेले भाच्यासाठी खोल्या पाह्यजे, चाबी त्याच्यापाशी, अन् सभा बी त्यानंच बोलावली. तोच तं वर जाऊन फटाके फोडत नसन?"

समोरच्या फाटकाशी मधुसूदन हरकरे उभे होते. हातात दुधाची पिशवी. पलीकडच्या तीन घरांची दारं उघडली.

४

हरकरे आत आले. चिडले की ते फार शुद्ध बोलतात.

"देवरावजी, तीस वर्षं शेजारी राहतो आपण. मी माझ्या बायकोचा हात मोडीन असं वाटतं तुम्हाला?"

देवराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. काही कळलं, काही नाही. त्यांनी मान खाली घातली, पण प्रश्न सोडला नाही.

"मंग चाबी कायले घेतली तुमी?"

"सत्यवतीबाईंनी दिली म्हणून! पाखरांसाठी पाणी ठेवायला. रोज सकाळी सहाला वर जातो, मातीच्या परळात पाणी भरतो, खाली येतो. शुक्रवारी आवाज झाल्यावर अर्ध्या तासात गच्ची तपासून आलो. काही नाही तिथे. कूलरचा सांगाडा, एक लोखंडी ड्रम, डिश. बस. आणि पाखरांचं पुण्यही मला लाभत नाही. एक बदमाश मांजर आहे, रोज परळ पाडते. तीन फुटले. आता स्टीलची वाटी ठेवतो, तीही दुसऱ्या दिवशी खाली पडलेली असते."

मी जमेल तसं लिहीत होते. मांजर, परळ, तीन फुटले. देवरावांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"आणि खोल्यांचं म्हणाल," हरकरे जाता जाता म्हणाले, "केयूरला जागा पाहिजे, हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण उद्या गॅसवाला माणूस बोलावलाय मी रोशनीकडे, तपासायला. शेगड्या दिवसभर बंद ठेवायच्या. आवाज आला तर मी सगळ्यांसमोर तुमची, रोशनीची, सगळ्यांची माफी मागीन. नाही आला, तर तुम्ही मध्ये पडायचं नाही."

देवरावांनी वहीतून वाचून मान हलवली. म्हणाले, कबूल.

५

बुधवारी गॅसवाला आला. नळी बघितली, साबणाचा फेस लावून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणून गेला. शेगड्या बंद होत्या. चाळीस डबे त्या दिवशी गेले नाहीत.

दहा वाजले. साडेदहा, अकरा. मी ओट्यावर वही घेऊन बसले होते. देवराव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण आवाज झाला तर त्यांना तिथूनच कळणार होता.

आवाज झाला नाही.

संध्याकाळी साडेसहाला अख्खी गल्ली बाहेर उभी होती. सात वाजले. कोणीतरी म्हणालं, "शेगडी बंद, आवाज बंद. झाला निकाल." हरकरे आमच्याकडे बघूनही बोलले नाहीत. माणूस वाईट नाही तो, जिंकल्यावर टाळ्या पिटत नाही. रोशनी दार लावून आत गेली. थोड्या वेळाने मी तिच्याकडे गेले, तर ती डब्यांच्या पिशव्या मोजून बांधत होती.

"आत्ताच काहून बांधते वं?"

"रविवारी लोकांसमोर बांधण्यापेक्षा आत्ताच बऱ्या, मावशी."

घरी आले तेव्हा देवराव वही मांडीवर घेऊन बसले होते. मी रोजच्या वेळा लिहिल्या होत्या. सोमवार, सकाळी नऊ पन्नास, संध्याकाळी सहा पस्तीस. मंगळवार, दहा पाच आणि साडेसहा. बुधवारपुढे मी लिहिलं होतं: नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती: दिवसभर ढग. गोधडी वाळली नाही.

"हे काहून लिहिलं तू?"

"दुसरं लिहायला काही नव्हतं," मी म्हटलं.

देवराव किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग उठले, रोशनीच्या घराकडे गेले, आणि दार वाजवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला हळूच म्हणाले, "पिशव्या सोड बाई. उद्याचे डबे माह्या घरी कर."

६

गुरुवारी बुद्धपौर्णिमा होती. विहारातून आम्ही आठलाच परतलो. आभाळ स्वच्छ झालं होतं आणि ऊन आतापासूनच पाय भाजत होतं. रोशनीची खोली कुलपात. ती आमच्या घरात, आमच्या दोन बर्नरच्या गॅसवर, एकामागून एक पातेली चढवत होती. पोळ्या मी लाटत होते. तिच्या सिलिंडरचा रेग्युलेटर देवरावांनी हरकऱ्यांच्या समोर काढून खिशात घातला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी धमाका झाला.

रोशनीच्या हातातला झारा खाली पडला. ती मला म्हणाली, "झाला ना मावशी? मले एकटीलेच तं नाई आला?" मी हसायला लागले. अकरा दिवसांत त्या आवाजाने कोणाला आनंद झाला असेल तर तेव्हाच.

"झाला?" देवरावांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी वही मागितली.

"आता ऐका," ते म्हणाले. "माणूस करत असता तं घड्याळ पाहून केलं असतं. दहा म्हणजे दहा. हा कधी नऊ पन्नासले, कधी दहा वीसले. काल ढग होते तं सकाळी नाई, संध्याकाळी बी नाई. हा आवाज घड्याळ पाहत नाई. ऊन पाहते. ऊन चढलं की एकदा, उतरलं की एकदा."

रोशनी झारा धुवायचं विसरली.

"दुसरं. हरकरे म्हणते मांजर परळ पाडते. बाहेर छेचाळीस डिग्री ऊन. त्या स्लॅबवर मांजर पाय ठेवन का? दुपारी तं ते आपल्या मोरीत झोपून राह्यते. मंग परळ कोण पाडते? जा तुळसा, विचारून ये हरकरेले, परळ ठेवत कशावर होते."

मी गेले आणि आले. वहीत एकच शब्द होता. ड्रमवर.

देवरावांनी तो वाचला आणि भिंतीला टेकून बसले. चेहरा असा झाला की मला वाटलं, ऊन लागलं यांना.

"तुळसा," ते म्हणाले, "हा आवाज मी ऐकला आहे. कान होते तवा. वखारीत डिझेलचे रिकामे ड्रम राहत. नवीन पोट्टं कोणी त्याचे बूच घट्ट लावून उन्हात ठेवे, अन् दुपार चढली की धाडकन. आतली हवा तापते, तिले जायले जागा नाई, मंग वरचा पत्रा फुगून वर उडते. संध्याकाळी थंड झाला की पुन्हा धाडकन आत बसते. आमचा मिस्त्री म्हणे, ड्रम श्वास घेऊन राह्यला. गल्लीतला आवाज एकदा जरी कानावर आला असता, तं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मी म्हटलं, "पण तो ड्रम तं सत्यवतीबाई दरवर्षी ठेवतात. यंदाच काहून?"

"दरवर्षी त्याच्यात कूलरचं पाणी राहते. यंदा त्या गावाले गेल्या. ड्रम रिकामा. अन् कोणंतरी त्याचं बूच आवळलं."

पातेल्यात भाजी लागल्याचा वास आला. रोशनीने गॅस बंद केला. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"मी आवळलं," ती म्हणाली.

देवरावांना ते ऐकू गेलं नाही. मला लिहावं लागलं. तेवढे दोन शब्द लिहायला मला फार वेळ लागला.

७

त्याचं असं झालं होतं. शनिवारी संध्याकाळी सत्यवतीबाई जायची तयारी करत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीवर चढवत नाही. रोशनीने वर जाऊन ड्रम रिकामा केला आणि पाना लावून दोन्ही बुचं घट्ट आवळली. पाना तिला सिलिंडरमुळे चांगला चालवता येतो. काकूंचं काम म्हणून नीट केलं.

"म्हणजे लोकं खरंच बोलत होते," ती म्हणाली. "आवाज माझ्याच हातानं झाला. अरुंधतीकाकूचा हात बी. काकाजी, हे सांगा लागन का? गुपचूप बूच ढिलं करून टाकू. आवाज बंद झाला की लोकं विसरतीन."

मी ते लिहून दिलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. लिहिताना मी खाली आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं: गुपचूप करू.

देवरावांनी वाचून वही मिटली.

"आवाज बंद झाला तरी सभा बंद नाई होत. ते म्हणतीन, भेली म्हणून थांबवला. मंग कारण सापडणारच नाई, अन् संशय तिच्यावर कायमचा. नाई. सगळ्याईले वर घेऊन जाऊ. दाखवू. अन् बूच कोणं लावलं हे कोणी विचारलं तं..." त्यांनी रोशनीकडे बघितलं. "तं काय सांगायचं ते तू ठरव. मी काई खोटं बोलणार नाई, एवढंच."

रविवारपर्यंत ती आमच्याच घरी डबे करत राहिली.

८

रविवारी सहाच्या जरा आधी सत्यवतीबाईंच्या अंगणात गल्ली जमली. देवराव म्हणाले, सभा गच्चीवर घ्या. लोक कुरकुरले. हरकऱ्यांनी माझ्या वहीतल्या वेळा बघितल्या होत्या, गुरुवारचा आवाजही ऐकला होता. त्यांनी मुकाट्याने कुलूप काढलं. अरुंधतीबाई हात गळ्यात अडकवून सगळ्यांच्या मागून चढल्या.

ऊन अजून होतं. स्लॅब चपलेतून लागत होता. कोपऱ्यात ड्रम उभा होता, काळा, गंजलेला, आणि त्याच्या पायाशी हरकऱ्यांची स्टीलची वाटी उपडी पडली होती.

"वरचा पत्रा पाहा," देवराव म्हणाले. "सपाट पाह्यजे. पोळी फुगते तसा फुगून आहे का नाई?"

होता. सगळ्यांनी मान पुढे करून बघितलं. हात कोणी लावला नाही.

"हा साडेसहाले आपला आपण बसन. पण आपल्याले कायले थांबायचं. हरकरेजी, तुमच्याच हातानं होऊ द्या. ही बादली घ्या, अन् याच्यावर ओता."

हरकऱ्यांनी बादली उचलली. पाणी तापलेल्या लोखंडावर पडलं, फस्स झालं, वाफ आली. एक क्षण काहीच नाही. कोणीतरी हसायच्या बेतात होतं.

मग धाडकन धमाका झाला. अरुंधतीबाईंनी माझा दंड धरला. पियुष, जो रोज गल्ली हादरवतो, तो सगळ्यांत मागे उडाला. बादली हरकऱ्यांच्या हातून सुटून गडगडत गेली. आणि देवराव, ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं, चौदा घरांची माणसं एकदम उडालेली बघून पोट धरून हसत होते.

पत्रा आत बसला होता.

हळूहळू लोकांना समजलं. सिलिंडर नाही, जमिनीखाली काही नाही, कोणाचं घर उडणार नाही. कोणी कठड्यावर बसलं, कोणी गच्चीवरच मांडी घातली. पंधरा दिवस धरून ठेवलेला श्वास सगळ्यांनी तिथे सोडला. मग जो प्रश्न यायचा होता तो आलाच. अरुंधतीबाईंनीच विचारला.

"पण बूच लावलं कुणी?"

देवरावांनी माझ्याकडे बघितलं नाही, रोशनीकडेही बघितलं नाही.

"मी लावलं," रोशनी म्हणाली. "काकू जायच्या आदल्या दिवशी. पान्यानं आवळलं. मले माहीत नव्हतं असं होते म्हणून. तुमचा हात माझ्यामुळे मोडला, अरुंधतीकाकू."

मी पदर घट्ट धरला. आता कोण काय बोलतं त्यावर तिचे चाळीस डबे होते.

"काहून आवळलं पण एवढं?" पियुषने विचारलं.

रोशनीने खाली बघितलं. "ग्रुपवर आलं होतं ना. डेंग्यूवाले तपासायले येणार, गच्चीवरचे सगळे ड्रम, टाक्या घट्ट बंद करा, झाकण हललं तरी डास जातो. मी तसंच केलं."

ती सूचना कोणी टाकली होती ते सांगायची गरज नव्हती. गल्लीत अशा सूचना एकच माणूस टाकतो. पियुषने मोबाइल काढला आणि वाचायला तोंड उघडलं. हरकऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"राहू दे. माझंच वाक्य आहे ते," ते म्हणाले. "घट्ट हा शब्द मी दोनदा लिहिला होता." मग ते रोशनीकडे वळले. "सबंध गल्लीत माझी सूचना पाळणारी तू एकटी निघालीस, आणि तुलाच मी घराबाहेर काढत होतो. मला माफ कर, पोरी."

"यांची सूचना पाळली की हात मोडतो, हे मी लग्नानंतर महिन्याभरात शिकले," अरुंधतीबाई म्हणाल्या. "तिला कोणी सांगितलं नव्हतं."

हसू फुटलं ते आवरेना. रोशनी हसली नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि तोंड ओढणीत घालून रडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

हरकऱ्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "सत्यवतीबाई, घर सुखरूप आहे. भाडेकरू राहणार. सभेने ठरवलं." पलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बूच उघडं ठेवलं तर मग डासांचं काय. मी वहीत लिहिलं. देवराव म्हणाले, "फडकं बांधा म्हणा. हवा जाते, डास जात नाई."

त्यांनी स्वतः पाना लावून बूच सैल केलं. फडकं रोशनीने आपल्या ओढणीचं फाडून दिलं.

९

अरुंधतीबाईंचा हात बरा होईपर्यंत दोन महिने रोशनीचा डबा त्यांच्याकडे जात होता. केयूरला पुढे दुसरीकडे जागा मिळाली. सत्यवतीबाई जूनच्या शेवटी परतल्या आणि त्यांनी खोल्यांचा नवीन करार तीन वर्षांचा केला. रोशनी आजही तिथेच आहे. डबे आता साठ झालेत, मदतीला एक बाई ठेवलीय.

त्यानंतर देवरावांकडे लोक काय काय विचारायला यायचे. मोटार का गुरगुरते, नळ का ओरडतो. ते म्हणायचे, मले ऐकू येत नाई गा, काय हलते ते सांग. हिवाळ्यात त्यांची छाती भरली. महिनाभर अंथरुणावर होते. त्या महिन्यात आमच्या घरी चूल पेटवावी लागली नाही, आणि रोशनीने विचारलंही नाही, फक्त दोन वेळा ताट आणून ठेवलं.

देवराव गणवीर मंगळवारी, अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी पावणेआठ वाजता घरीच वारले. वय अठ्ठ्याहत्तर होतं.